पूजेची गाडी रिकामी काढत न्हाय

ट्रकवाल्यांना वेळ सांगायची आणि ती पाळली जाईल असं धरून चालायचं, ही चूक जन्मापासून भिवंडीत राहिलेल्या बाईने तरी करायला नको होती. आसावरी टिपणीसने ती केली. रविवारी सकाळी आठला काल्हेरच्या आवारात सगळे ट्रक रांगेत उभे पाहिजेत, असं तिने ट्रकांचे मालक पंढरीशेठ भोईरांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं आणि शेठ दर वेळी म्हणाले होते, "तुमी कालजीच करू नका मॅडम." काळजी करू नका असं कुणी म्हटलं की आसावरी दुप्पट काळजी करायची. इतकी वर्षं शाळेत नोकरी करून तिला एवढं कळलं होतं, की ज्या कामाची काळजी करू नका म्हणतात ते काम अजून सुरूच झालेलं नसतं.

साडेनऊ वाजून गेले तरी आवारात ट्रकांची पूजाच चालली होती. पंढरीशेठच्या पत्नी सीताबाई एकेका ट्रकपुढे उभ्या राहून हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, चाकाखाली लिंबू ठेवत सावकाश पुढे सरकत होत्या. घाई हा प्रकार त्या घरात कुणी कधी आणलाच नसावा. "काकू, जरा आटपता का?" असं आसावरीने दोनदा म्हटलं. सीताबाईंनी दोन्ही वेळा तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्या पुढच्या ट्रककडे वळल्या. शेवटच्या ट्रकशी पोचल्यावर त्यांनी पुतण्याला हाक मारली.

"दीपेश, गाड्या रिकाम्या न्हाईत ना रं?"

दीपेश शेठच्या गोदामांचा सगळा व्यवहार बघायचा. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "न्हाय काकी. सगल्या भरल्यात."

आसावरी तेव्हा एका फलकाचा सुटलेला कोपरा दोरीने बांधत होती. तिच्या कानावर ते पडलं, पण तिने लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता.

ट्रकफेरीची कल्पना तिचीच. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा भिवंडीचा संघ राष्ट्रीय शिबिराला आणि तिथून स्पर्धेला जायचा होता, आणि त्यासाठी निधी हवा होता. दुसऱ्या गावात लोक मॅरेथॉन काढतात, गाण्याचा कार्यक्रम ठेवतात. भिवंडीत बाकी कशाची वाण असेल, ट्रकांची नाही. तेव्हा ट्रकांचीच फेरी काढायची. दर ट्रकमागे एकेका गोदामवाल्याने देणगी द्यायची, त्याच्या नावाचा फलक ट्रकवर लावायचा. केबिनमध्ये चालकाशेजारी एक खेळाडू आणि त्याचं एक घरचं माणूस. काल्हेरहून निघायचं, पूर्णा, अंजूरफाटा, राजनोली नाका करत कोन गावच्या मैदानात पोचायचं आणि तिथे सत्कार. कागदावर इतकी सरळ गोष्ट होती. कागदावर सगळंच सरळ असतं.

पहिल्या ट्रकमध्ये आसावरीचा धाकटा भाऊ आल्हाद होता. वय एकतीस. लोक अजूनही त्याला "तुमचा तो विशेष मुलगा" म्हणायचे आणि आसावरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकतीस वर्षांचा बाप्या, तो मुलगा कसा? दाढी येते त्याला. आल्हादचा खेळ चालण्याच्या शर्यतीचा. पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि तरीही वाऱ्यासारखं जायचं. गेली सहा-सात वर्षं ती रोज सकाळी शाळेच्या मैदानावर स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची आणि तो चकरा मारायचा. राज्यात त्याच्यापेक्षा जोरात चालणारा कुणी नव्हता. आणि तरी संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

त्याला कारण आसावरीच. शिबिराचा नियम असा, की आठ दिवस घरचं माणूस बरोबर येणार नाही. खेळाडूने एकट्याने राहायचं. हा नियम निघाल्यावर सगळ्या आया हबकल्या. आसावरी प्रत्येकीच्या घरी गेली, चहा प्यायली आणि तिने प्रत्येकीला पटवलं. सोडा हो त्यांना, किती दिवस पदराखाली घालणार, तुम्ही नसाल तेव्हा काय करतील? प्रत्येक आईने तिला एकच वाक्य ऐकवलं होतं: "मॅडम, आमच्या पोराचं वेगळं आहे." प्रत्येक वेळी आसावरी हसली होती. मग प्रशिक्षक सुधीर सरांनी आल्हादचं नाव घालू का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, आल्हादचं वेगळं आहे."

सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ट्रकफेरीच्या संध्याकाळपर्यंत जागा ठेवतो. विचार करा." आल्हादने तर हे ऐकल्यापासून शिबिराचा विषयच काढला नव्हता, आणि तिला तेच जास्त लागत होतं.

केबिनमध्ये बसताना तिने त्याच्या हातात झेंडा दिला. पांढरं कापड, त्यावर खेळाडूंच्या हातांचे रंगीत ठसे, आणि बांबूची काठी. "हा झेंडा कोनला पोचवायचा," ती म्हणाली. "हे तुझं काम." खरं म्हणजे त्याने सारखा हॉर्न दाबू नये म्हणून त्याचे हात कशात तरी अडकवायचे होते. आल्हादने गंभीरपणे मान डोलावली आणि काठी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली.

चालक शकूरभाई पोट सुटलेला, पान खाणारा, शांत माणूस होता. "चलो बेटा," म्हणत त्याने गाडी काढली. मागे एकामागून एक ट्रक निघाले. सगळ्यात मागे पंढरीशेठची जीप, तिच्यावर भोंगे. उशीर झाला होता पण निघालो तरी होतो, आणि आसावरीचा जीव थोडा भांड्यात पडला.

तो पूर्ण्यापर्यंतच. पूर्ण्याच्या गोदामांच्या रांगेशी येताच तिला बाजूच्या आरशात दिसलं, की मागचा ट्रक, ज्यात गोळाफेकीची मृणाली आणि तिची आई बसली होती, तो बत्ती दाखवून डावीकडे वळतोय. आधी तिला वाटलं, चाक पंक्चर झालं असेल. मग तो ट्रक एका गोदामाच्या फाटकातून ऐटीत आत गेला. मृणाली खिडकीतून हात हलवत होती.

"शकूरभाई, थांबा! थांबा जरा!"

रस्त्याच्या कडेला ट्रक थांबला. "आल्हाद, तू इथेच बस. मी आलेच," असं म्हणून ती उडी मारून उतरली आणि तरातरा मागे गेली. फाटकाशी पोचते तोवर मृणालीच्या ट्रकने पार्श्वभाग गोदामाच्या धक्क्याला लावला होता आणि दोन हमाल मागचं दार उघडत होते. आत खोके. छतापर्यंत खोके.

"हे काय आहे?" तिने चालकाला विचारलं.

"माल है मॅडम," चालक म्हणाला. ट्रकमध्ये काय असतं हे बाईंना कसं माहीत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "यहाँ उतारना है. माल का चलान है ना."

तेवढ्यात मागून जीप आली आणि पंढरीशेठ, दीपेश दोघे उतरले. आसावरी तोंडाचा पट्टा सोडणार एवढ्यात तिला दिसलं की आणखी दोन ट्रक रांग सोडून समोरच्या गल्लीत शिरतायत. एकातला खेळाडू हसत होता. दुसऱ्यातला झोपला होता.

"शेठ! ट्रकांमध्ये माल भरलाय तुम्ही?"

"मंग?" पंढरीशेठ म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"अहो, ही फेरी आहे! रॅली! रिकामे ट्रक पाहिजे होते!"

शेठच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली की बघणाऱ्याला वाटावं, बाई काहीतरी अभद्र बोललीय. "अवो मॅडम, पूजा केली ना गाड्यांची. पूजेची गाडी रिकामी काढत न्हाय. आमच्या आज्याच्या बैलगाडीपासून रीत हाय. रिकामी काढली तर वरीसभर गाडी रिकामीच फिरते."

"मग दोन पोती ठेवायची होती शकुनाला! सगळा ट्रक कशाला भरला?"

आता दीपेश पुढे झाला. त्याचा चेहरा उजळला होता. शाबासकी मिळणार अशी त्याची खात्री दिसत होती. "मॅडम, काका बोल्ले रिकामी काढू नको. मी बोल्लो, काढायचीच तर ज्या रस्त्याने जातोय त्याच रस्त्याचा माल भरू. पूर्ण्याचा माल पूर्ण्यात, अंजूरफाट्याचा तिकडं. डिझेल पन सुटलं, माल पन पोचला. उतरवला की येतात परत रांगेत."

आसावरीने कपाळाला हात लावला. तिथलं दोनदा लावलेलं कुंकू तिच्या बोटांना लागलं. "दीपेश, सगळे ट्रक वाटेत उतरून गेले तर रांग राहील का रे?"

दीपेशने थोडा विचार केला. हा भाग त्याने आखणीत धरला नव्हता.

"आणि पहिल्या ट्रकमध्ये?"

"पहिल्यात कापडाचे तागे. त्ये पार कोनलाच उतरवायचेत." तो पुन्हा खुलला. "मुद्दाम लांबचा माल दिला मॅडम. पहिला ट्रक शेवटपर्यंत पायजे ना!"

एवढ्यात शिट्टी वाजली. रस्त्यात खोळंबा झाला म्हणून वाहतूक पोलीस पुढे आला होता आणि शकूरभाईच्या ट्रकवर काठी आपटत "चला, चला, पुढं घ्या" करत होता. आसावरी धावली. तिने हात वर केले, ओरडली. पण मागच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते, आणि खिडकीतून झेंडा दिसणारा तो ट्रक हळूच सरकला, वेग घेतला आणि वळणापलीकडे गेला. आत तिचा भाऊ. एकटा.

तिने शकूरभाईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलणार कसा? सकाळी सगळ्या चालकांना रांगेत उभं करून तिनेच दम भरला होता, की गाडी चालवताना फोन उचललेला दिसला तर माझ्याशी गाठ आहे. शकूरभाई शब्दाचा पक्का निघाला. आल्हादला फोन करावा म्हटलं, तर आल्हादचा फोन तिच्याच पर्समध्ये होता. तो हरवतो म्हणून ती कायम स्वतःजवळ ठेवायची. हरवला कधीच नव्हता, पण हरवला असता.

"बसा जीपमधी," पंढरीशेठ म्हणाले. "गाठू त्याला. कुठं जातोय?"

मग सुरू झाला तो प्रवास आसावरीला जन्मभर विसरता येणार नाही. जीप ट्रकांच्या मागे, आणि समोर तिची ट्रकफेरी डोळ्यांदेखत झिजत चाललेली. एक ट्रक राहनाळच्या आधी वळला. दोन अंजूरफाट्याला. प्रत्येक वेळी दीपेश मागच्या सीटवरून समाधानाने सांगायचा, "हां, त्यात प्लास्टिकचा माल हाय," "त्यात सायझिंगचं सूत, मागावर जायचं." जीपवरच्या भोंग्यातून मात्र आधी भरून ठेवलेला आवाज चालूच होता: "नागरिकहो, पाहा ही भव्य ट्रकफेरी!" रस्त्यावरचे नागरिक थांबून बघत. एका जीपशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं.

"तो भोंगा बंद करा आधी!"

"बटन खराब हाय," शेठ म्हणाले. "टेन्शन घेऊ नका वो. पोरगा हुशार हाय तुमचा."

"पोरगा नाही तो! एकतीस वर्षांचा आहे!"

"तेच बोल्तो मी," पंढरीशेठ शांतपणे म्हणाले. "मंग एवढं कशाला?"

ती आणखी चिडली. एकतीस वर्षांचा असला म्हणून काय झालं? त्याला सुटे पैसे कळत नाहीत. अनोळखी माणसाने चल म्हटलं तर तो जाईल. कुत्रा भुंकला की थिजतो. रात्री दिवा लागतो त्याला. ट्रकमध्ये घाबरला तर शकूरभाईला काय कळणार आहे? ती हे सगळं मनात मोजत होती आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं, की हे सगळं तिने गेल्या महिन्यात मृणालीच्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. दिव्यासकट.

राजनोली नाक्याच्या अलीकडेच गाड्यांची तोबा गर्दी. जीप मुंगीच्या पावलांनी सरकत नाक्याशी आली, तेव्हा तिला कडेला लावलेला शकूरभाईचा ट्रक दिसला. ती जीप थांबायच्या आत उतरली. केबिनचं दार उघडून पाहिलं. आत कुणी नव्हतं. आल्हादची पाण्याची बाटली सीटवर पडली होती.

"ह्या ट्रकमधली माणसं कुठे आहेत?" नाक्यावरच्या हवालदाराला विचारताना तिचा आवाज फाटला.

"ट्रक मी अडवला," हवालदार म्हणाला. "तुमची परवानगी रॅलीची आहे. मालाची नाही. भरलेल्या गाडीला दुपारपर्यंत या रस्त्याला बंदी आहे."

"केबिनमध्ये माझा भाऊ होता!"

"झेंडेवाला? तो गेला की."

"गेला? कुठे गेला?"

"कोनला. चालत."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

हवालदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, बंदी जड वाहनांना आहे. चालणाऱ्याला कुठली बंदी? मी विचारलं त्याला, कुठे निघालास. म्हणाला, झेंडा कोनला पोचवायचा, ते माझं काम आहे. बरोबर बोलला. रस्त्याची कुठली बाजू धरायची तेसुद्धा त्याने मलाच सांगितलं. तो ड्रायव्हर गेलाय पाठोपाठ."

आसावरीने पर्स खांद्याला अडकवली आणि ती चालायला लागली. जीपमधून शेठ हाका मारत होते. भोंगा नागरिकांना भव्य ट्रकफेरी पाहायला सांगत होता. तिने मागे पाहिलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर एका टपरीच्या बाकड्यावर शकूरभाई बसलेला दिसला. कमरेवर हात, चेहरा घामाने थबथबलेला.

"शकूरभाई! त्याला एकट्याला सोडून बसलात?"

"मॅडम, वो चलता है कि उडता है?" शकूरभाई धापा टाकत म्हणाला. "मैं बोला, रुक जा बेटा, दीदी आएगी. बोला, दीदी को झंडा कोन में चाहिए. पीछे पीछे आया इधर तक. अब मेरे बस का नहीं है." मग त्याने बोट दाखवलं. "वो देखो. दिख रहा है ना? मैं नजर रखके बैठा है."

आणि खरंच दिसत होता. रस्त्याच्या उजव्या कडेने, अडकलेल्या गाड्यांच्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. खांद्यावर झेंडा, दुसरा कोपर मागेपुढे, कंबर लयीत हलतेय.

"आल्हाद! थांब! आल्हाद!"

त्याने ऐकलं. नक्कीच ऐकलं, त्याचे खांदे किंचित ताठ झाले. पण तो वळला नाही. शर्यतीत कुणी कितीही हाका मारल्या तरी मागे वळून बघायचं नाही, हे त्याच्या डोक्यात घालायला तिला दोन वर्षं लागली होती. किती घसा कोरडा केला होता तिने. आता भोगा.

ती पळायला लागली. बेचाळिसाव्या वर्षी, साडी खोचून, कल्याण-भिवंडी रस्त्यावर. रिक्षावाले बघत होते. ती पळत होती आणि तो चालत होता, आणि अंतर काही कमी होत नव्हतं. आणि धापा टाकता टाकता तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. इतकी वर्षं ती शेवटच्या रेषेवर उभी राहायची, त्यामुळे आल्हादला तिने नेहमी आपल्याकडे येतानाच पाहिलं होतं. त्याची पाठ तिने कधी बघितलीच नव्हती. रुंद पाठ होती. वडिलांसारखी.

पुढे एक आडवा रस्ता आला, गोदामांकडे जाणारा. तिथून कंटेनर वळत होता. आल्हाद थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. हात वर केला. कंटेनर जाऊ दिला, मागची रिक्षा जाऊ दिली, आणि मग ओलांडून गेला. ते सगळं तिने शिकवल्याप्रमाणे होतं. फरक एवढाच, की शिकवताना त्याचं मनगट कायम तिच्या मुठीत असायचं. तो थांबला होता तेव्हा ती जोर करून त्याला गाठू शकली असती. का कोण जाणे, तिचेच पाय जागच्या जागी थांबले होते. मग ती पळाली नाही. मागून चालत राहिली आणि स्वतःवर, दीपेशवर, सीताबाईंच्या नारळांवर आणि रस्त्यावरच्या एकूण एक खड्ड्यावर चरफडत राहिली.

ती कोनच्या मैदानात पोचली तेव्हा मंडपात सुधीर सर, पाहुणे आणि रिकाम्या खुर्च्या होत्या. ट्रक एकही नव्हता. मैदानाच्या मधोमध झेंडा रोवलेला होता आणि त्याच्याशेजारी आल्हाद कमरेवर हात ठेवून उभा होता. तिला बघताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई! कुठे गेली होतीस?" तो सगळ्यांसमोर कडाडला. "न सांगता जायचं नाही! किती वेळा सांगायचं?"

शब्द तिचेच होते, सूरही तिचाच. पाहुणे हसले. आसावरीला रडू आणि संताप एकदमच आला. "मी सांगून उतरले होते! आलेच म्हटलं होतं!"

"आली नाहीस." आल्हादने हात पुढे केला. "माझा फोन दे. फोन असता तर मी केला असता."

तिने पर्स उघडली. फोन खाली गेला होता. रुमाल, औषधाच्या गोळ्या, त्याचा जास्तीचा मोजा हे सगळं बाजूला करून तिने तो काढला आणि त्याच्या हातात दिला. आल्हादने तो खिशात ठेवून खिशाची चेन ओढली, आणि ओढली गेलीय ना ते पुन्हा तपासलं.

सुधीर सर जवळ आले. काही बोलणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "संध्याकाळपर्यंत म्हणालात ना सर. अजून संध्याकाळ झाली नाहीये."

मग एकेक ट्रक रिकामा होऊन येत गेला. मृणाली हमालांनी दिलेला बिस्किटांचा पुडा घेऊन उतरली आणि गोदाम कसं होतं ते सगळ्यांना सांगत सुटली. झोपलेला खेळाडू झोपूनच आला. दुपार टळताना अखेर मैदान भरलं, सत्कार झाले, आणि पंढरीशेठने भाषणात फेरी वेळेवर पार पडल्याबद्दल स्वतःचे आभार मानले. बंदी उठल्यावर शकूरभाईचा ट्रक आला आणि तागे त्याने कोनच्या गोदामात उतरवले. या दिवसात ठरल्याप्रमाणे झालेली तेवढी एकच गोष्ट.

परत निघताना आल्हाद शकूरभाईच्या केबिनमध्ये जाऊन बसला. "मी ट्रकने येणार. माझा ट्रक अर्धाच झाला."

"मीही येते," आसावरी पायरीवर पाय ठेवत म्हणाली.

"तू नको," आल्हाद म्हणाला. "तू मध्येच उतरतेस."

शकूरभाईने तोंड दुसरीकडे वळवलं, पण त्याचं पोट हलत होतं. "कल्याण नाके पे छोड देता हूँ मॅडम. वहाँ से तो आपका घर सामनेच है."

कल्याण नाका ते घर, म्हणजे दोन चौक आणि एक मशिदीची गल्ली. तिने पायरीवरून पाय काढला.

ती पंढरीशेठच्या जीपमध्ये बसली. पुढे रिकामा ट्रक खडखडत चालला होता. "ही गाडी रिकामी चालते वाटतं?" तिने टोमणा मारला.

"परतीची हाय ना. तिची पूजा कुठं केलीय?" शेठ म्हणाले. भोंगा अजून चालूच होता.

राजनोली नाक्यावर ट्रक सुटला आणि जीप सिग्नलला अडकली. ट्रक दिसेनासा झाला. आसावरी सीटच्या कडेवर येऊन बसली. फोन वाजला. आल्हाद.

"ताई, कुठे आहेस?"

"राजनोलीला. तू?"

"पुढे." त्याने फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा. "आता कुठे आहेस?" "तिथेच आहे रे." पुन्हा. "जेवण राहिलंय, तुला भूक लागली का?" पुन्हा. "शकूरभाईला मुलगी आहे, तुला माहीत आहे का?" पाचव्या-सहाव्या वेळी ती वैतागून गेली आणि तिने मुद्दाम थोडा वेळ फोन वाजू दिला.

"लगेच उचलायचा!" पलीकडून दरडावणी आली. "मला काळजी वाटते!"

"बरं बाबा. चुकलं. लगेच उचलेन."

पलीकडे इंजिनचा आवाज येत होता, आणि कुठेतरी शकूरभाईने लावलेलं गाणं. मग आल्हादने अगदी हळू आवाजात विचारलं.

"शिबिरातून केला, तरी उचलशील?"

जीप जागची हलत नव्हती. पंढरीशेठ काहीतरी सांगत होते, दीपेश उद्याच्या मालाचं बोलत होता, भोंगा नागरिकांना हाक मारत होता. आसावरीने दुसरा कान हाताने गच्च दाबून धरला.

"उचलेन," ती म्हणाली. "पहिल्या रिंगला उचलेन."

"मग ठेवतो," आल्हाद म्हणाला. "नाका आला. आता मला उतरून घरी जायचंय."